बसवत नाही

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. रात्री दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून हिशोब करत बसलो होतो, तेवढ्यात ताईचा व्हॉट्सअॅप आला. फक्त एक फोटो, प्रिस्क्रिप्शनचा. खाली एक अक्षर नाही. ही तीच ताई जी साधं गुड नाईटसुद्धा गुलाबाच्या फुलाशिवाय पाठवत नाही. फोटो मोठा करून पाहिला. धंतोलीतल्या एका मानसोपचारवाल्या डॉक्टरचं पॅड, नाव माझ्या भाचीचं, वय २२, औषध फ्लुओक्सेटिन २०, सकाळी नाश्त्यानंतर एक, पंधरा दिवस.

मी काहीच लिहिलं नाही. तिकडे तिला निळ्या टिका दिसल्याच असतील. आठ वर्षांपूर्वी असाच एक कागद तिनं माझ्या काउंटरवर ठेवला होता, तेव्हा नाव भाऊजींचं होतं आणि मी दोन मिनिटांत पत्ता काढून खाकी पाकिटात घालून दिला होता. पैसे घेतले नव्हते. बहिणीकडून कोण घेते.

माझं मेडिकल आहे मानेवाड्याकडे. बाहेरगावच्या लोकांना सांगतो, नागपुरात नुसतं 'मेडिकल' म्हटलं की मेडिकल कॉलेजचा दवाखानापण होते आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकानपण, मी दुसऱ्या प्रकारचा. डी.फार्म आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे जे लिहून राहिलो ते वाचून कोणी आपली डिप्रेशनची गोळी बंद करू नका, सुरूही करू नका. अचानक बंद केली तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं, काय काय होते ते मी काउंटरवर रोज पाहतो. 'बरं वाटून राहिलं होतं म्हणून सोडली जी' असं म्हणत माणूस तीन आठवड्यांनी परत येते आणि त्याचा चेहरा आधीपेक्षा वाईट असते.

तर भाऊजी. काटोलकडच्या एका शाळेत गणित शिकवायचे, वय ५१. २०१६ च्या उन्हाळ्यापासून ते हळूहळू विझत गेले. झोप नाही, जेवण अर्ध्यावर, वजन सात-आठ किलो उतरलं, आणि जूनमध्ये शाळा उघडली तर घराबाहेर पडायला बारा वाजायचे. एकदा माझ्यासमोर म्हणाले, माझा आता कोणाला उपयोग नाही. मी काय केलं असेल? हसलो. म्हटलं काय भाऊजी, तुमच्याशिवाय पोरांना त्रिकोणमिती कोण शिकवन. शेवटी ताईनं त्यांना ऑगस्टमध्ये एका डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी एस्सिटॅलोप्राम लिहून दिली, सोबत झोपेसाठी क्लोनाझेपाम. महिन्यानं या म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, रोगराई-पीडा घालवायला काढलेली पुतळ्यांची मिरवणूक. गोळी सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. दर वर्षी भाऊजी पोरांना घेऊन इतवारीत जायचे, त्या वर्षीही आले, मला वाटलं वा, गुण येऊन राहिला. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर आल्या, गर्दी ओरडून राहिली, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, भाची माझ्या खांद्याला धरून उड्या मारून राहिली होती, चौदा वर्षांची होती तेव्हा. आणि भाऊजी एका जागी उभेच राहीनात. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, खिशात हात घालून किल्ल्या वाजवत. मी म्हटलं दमले असाल, त्या पायरीवर बसा. ते म्हणाले, 'बसवत नाही रे.'

दोन दिवसांनी ताईचा फोन. 'हे बसतच नाहीत रे एका जागी. रात्रभर फाटकापर्यंत जातात नि येतात. विचित्रच वागून राहिले.' मी तेव्हा गंजीपेठेत दवा बाजारात होतो, हातात माल, कानात फोन, आणि मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवते, सुरुवातीला होते तसं ताई, औषध लागू पडायला वेळ लागते, आठ दिवस थांब.

सतराव्या दिवशी भाऊजी गेले.

कसे गेले ते लिहिणार नाही, त्याची गरज नाही. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि ताई मला म्हणाली, 'तुझ्याच दुकानातली गोळी होती नं?' भांडणाच्या सुरात नाही. एखाद्याला पत्ता विचारावा तसं.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी पुढची दोन-तीन वर्षं रात्री दुकान बंद झाल्यावर काउंटरवरच्या त्याच कॉम्प्युटरवर वाचत बसलो, ज्याच्यावर बिलं काढतो. माझं इंग्रजी कामचलाऊ, तरी वाचलं. आणि मला धक्का याचा बसला की हा वाद माझ्या ताईचा एकटीचा नव्हता, तो मी अकरावीत जायच्याही आधीपासून जगात चालू होता आणि दुकानात बसून मला त्याचा पत्ता नव्हता.

फ्लुओक्सेटिन, डिप्रेशनचीच गोळी, तिला अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. १९९० मध्ये मार्टिन टायशर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सहा पेशंटची हकीकत छापली. सहाही जण डिप्रेशनचेच पेशंट, पण गोळी सुरू झाल्यावर दोन ते सात आठवड्यांत त्यांच्या डोक्यात जीव देण्याचे असे तीव्र विचार घुसले की ते आधीच्या उदासपणासारखे नव्हतेच. गदारोळ झाला. १९९१ मध्ये तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानं, तज्ज्ञांची समिती बसवली, पेशंटचे नातेवाईक येऊन रडून सांगून गेले, आणि समितीनं म्हटलं पुरावा पुरेसा नाही, आजारच तसा आहे, गोळीला दोष देता येत नाही. बाजू पडल्या त्या तेव्हा. एकीकडे 'गोळी मारते', दुसरीकडे 'आजार मारते'. आमच्या घरात ताई पहिल्या बाजूला, भाऊजींचे मोठे भाऊ दुसऱ्या बाजूला, आणि मी मधात बिल घेऊन उभा.

मग २००४. लहान मुलांच्या २४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर असे विचार किंवा असं वागणं खोट्या गोळीवाल्या, म्हणजे तुलनेसाठी औषध नसलेली गोळी दिलेल्या, गटात शंभरात दोघांना आणि खऱ्या गोळीवाल्यात शंभरात चौघांना दिसलं. मृत्यू त्या चाचण्यांमध्ये एकही नव्हता. तरी तेवढ्यावर डब्याला काळ्या चौकटीतला इशारा लागला, औषधाला बाजारातून न काढता दिला जाणारा हा सगळ्यात कडक इशारा. मोठ्यांचं काय, हा प्रश्न होताच. म्हणून प्रौढांच्या ३७२ चाचण्या, जवळपास एक लाख माणसं, एकत्र मोजली गेली आणि २००७ मध्ये इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. लहान-मोठ्यांच्या या दोन्ही मोजण्यांतून जो तक्ता निघाला तो मला तोंडपाठ आहे, दुकानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे. हजार जणांना गोळी दिली तर खोट्या गोळीच्या तुलनेत असे विचार नाहीतर असं वागणं, अठराच्या खाली १४ जणांना जास्त, १८ ते २४ मध्ये ५ जणांना जास्त, २५ ते ६४ मध्ये १ कमी, ६५ च्या वर ६ कमी.

भाऊजी ५१ चे. म्हणजे 'एक कमी'च्या ओळीत.

मी हे ताईला जाऊन सांगितलं. २०१८ मध्ये, श्रावणात, तिच्या घरी, त्रिमूर्ती नगरला. मला काय वाटलं होतं देव जाणे, ती म्हणेल हुश्श? तिनं तक्ता पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाली, 'मग तो एक कोण, ज्याचा कमी झाला? त्याला आणून दाखव मले.'

त्याच्यावर उत्तर नाही. सरासरी खोटी नसते, पण ती कोणाच्या घरी राहतही नाही.

मी मग त्या आकड्यांच्या आत शिरलो, कारण दुकानदाराला वहीतली लबाडी लवकर दिसते. एक तर या चाचण्या बहुतेक सहा-आठ आठवड्यांच्या, आणि ज्यांच्या मनात आधीच जीव देण्याचं जास्त घोळून राहिलं आहे अशांना बहुतेक वेळा त्यांत घेतच नाहीत. म्हणजे ज्यांच्याबद्दल खरा प्रश्न आहे तेच दाराबाहेर. दुसरं, एवढ्या लाखभर माणसांत प्रत्यक्ष मृत्यू आठ. आठ! त्या आठातून गोळी तारते की मारते हे काढायचं म्हणजे अख्ख्या वर्षाचा धंदा सोमवारच्या गल्ल्यावरून ओळखायचा. म्हणून मग 'विचार' आणि 'प्रयत्न' मोजतात, आणि विचार मोजायचा तर कोणी विचारलं, कसं विचारलं, कोणी कागदावर उतरवलं, सगळं आलं. आणि तिसरं, जुन्या काही चाचण्यांत एक भानगड निघाली जी वाचून मी खुर्चीतून उठलो. चाचणी सुरू व्हायच्या आधी पेशंटच्या अंगातून जुनी औषधं उतरायला काही दिवस देतात. त्या दिवसांत घडलेले प्रयत्न पॅरॉक्सेटिन नावाच्या अशाच एका डिप्रेशनच्या गोळीच्या कागदांत खोट्या गोळीच्या खात्यावर टाकले होते. म्हणजे मागच्या वर्षीची उधारी यंदा शेजाऱ्याच्या नावावर. अशी वही मी लिहिली असती तर सीएनं मला दुकानातून हाकललं असतं. पुढे २००६ मध्ये पॅरॉक्सेटिनच्या मूळ कंपनीनं स्वतःच डॉक्टरांना पत्र काढून सांगितलं की डिप्रेशनच्या मोठ्या माणसांत पॅरॉक्सेटिनवर ३,४५५ पैकी ११ जणांनी प्रयत्न केला आणि खोट्या गोळीवर १,९७८ पैकी एकानं. त्यातले बरेच जण तरुण होते. सगळे नव्हते.

शिकागोतला एक वकील होता, ५७ वर्षांचा, २०१० मध्ये पॅरॉक्सेटिनची साधी, दुसऱ्या कंपनीनं बनवलेली गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत तो गेला. बायकोनं मूळ कंपनीवर केस टाकली, म्हणे चोवीसच्या वरच्यांसाठी इशारा का नाही. २०१७ मध्ये ज्युरीनं तिच्या बाजूनं तीस लाख डॉलर दिले. दुसऱ्या वर्षी वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. का, तर कंपनीनं मोठ्यांसाठी वेगळा इशारा टाकू द्या म्हणून विचारलं होतं आणि एफडीएनंच नाही म्हटलं होतं. ही केस मी दोनदा वाचली. त्या बाईच्या जागी मला सारखी ताई दिसे, नागपूरच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर फाईल घेऊन.

पण दुसरी बाजूही वाचा नं. मी वाचली म्हणून सांगतो, आणि ती वाचताना मला राग येत होता कारण ती पटत होती. २००६ मध्येच अमेरिकेत एका मोठ्या विमा योजनेतल्या हजारो पेशंटचे रेकॉर्ड पाहिले, कोणी कधी गोळी सुरू केली आणि कधी जीव द्यायचा प्रयत्न केला. सगळ्यात जास्त प्रयत्न कधी? गोळी सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात. सुरू झाल्यावर उतरत गेले. म्हणजे माणूस सगळ्यात खोल गेला की मगच त्याला डॉक्टरकडे नेतात, आणि मग जे होते ते गोळीच्या नावावर लागते. आपल्याकडे मे महिन्यात घरोघरी कूलर सुरू होतात आणि पारा पंचेचाळीसच्या वर जाते, म्हणून कूलरनं ऊन वाढलं असं कोणी म्हणते का? भाऊजी तर त्या सहा महिन्यांत रोज थोडे थोडे बुडूनच राहिले होते. ऑगस्टमध्ये नेलं. एप्रिलमध्ये नेलं असतं तर, हे कोणत्या तक्त्यात येते?

आणि न घेतलेल्या गोळीचं कोणी मोजत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निघालं की आपल्या देशात डिप्रेशनवाल्या शंभरातल्या पंच्याऐंशीच्या आसपास लोकांना काही उपचारच मिळत नाहीत. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी असा शेवट केला, सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. यातल्या किती जणांच्या खिशात प्रिस्क्रिप्शन होतं? माझ्याकडे येणाऱ्यांपेक्षा न येणारे जास्त आहेत हे मला काउंटरवर बसून कळतेच. नागपुरात अजूनही मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना छिंदवाडा रोडवरचा तो चौक आठवते, त्याचं नावच पागलखाना चौक. १८६४ पासून तिथं मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासून आपण नाव काही बदललं नाही.

तर मी दोन्ही बाजूंचं वाचून वाचून शहाणा झालो होतो असं मला वाटायचं. मग पाळी माझी आली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये या शहरात मेडिकल चालवणाऱ्या कोणालाही विचारा. रेमडेसिविरसाठी माणसं शटर वाजवायची, पाया पडायची, आमच्याकडे मिळतच नव्हती तर देऊ कुठून. तो महिना गेला, लोक विसरले, मी नाही विसरलो बहुतेक. वर्षभरानं मला पहाटे तीनला जाग यायला लागली. मग जेवण नको. मग दुकानात गिऱ्हाईक बोलते तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. बायको रामदासपेठेतल्या एका डॉक्टर बाईंकडे घेऊन गेली आणि त्यांनी लिहून दिली एस्सिटॅलोप्राम. मी चिठ्ठीकडे पाहत राहिलो. ताईला सांगितलं नाही. माझ्याच फडताळातून माझाच पत्ता काढला, बिल स्वतःच्या नावावर केलं.

मे महिना, नववा दिवस. रात्रीसुद्धा झळा. मला झोप नव्हतीच, पण आता वेगळं काही तरी सुरू झालं, पायांच्या आत, हाडांच्या आत, कोणी तरी मुंग्यांचं वारूळ फोडून दिल्यासारखं, आणि ते फक्त चाललं की थोडं शमे. मी गल्लीत फेऱ्या मारायला लागलो. कॉलनीतली कुत्री आधी भुंकली, मग दोन सोबत चालायला लागली, मग तीही थकून ट्रान्सफॉर्मरखाली पडली. आणि या सगळ्यासोबत डोक्यात एक विचार. उदास असताना मी मरणाचा विचार केला नव्हता असं नाही, पण तो संथ असायचा, लांबचा. हा तसा नव्हता. याला घाई होती. हे थांबव, आत्ता थांबव, कसंही.

पावणेतीन वाजले असतील. बायको फाटकात आली. 'तुम्ही काय करून राहिले बाहेर? बसा नं इथं पायरीवर.'

मी म्हणालो, 'बसवत नाही.'

आणि ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले तसा मी थांबलो. इतवारीतली गर्दी, किल्ल्यांचा आवाज, ती पायरी.

याला नाव आहे. अकॅथिशिया. ग्रीक शब्द आहे, अर्थ शब्दशः तोच, बसता न येणं. प्रागच्या एका डॉक्टरनं, हाश्कोवेत्स त्यांचं नाव, १९०१ मध्ये हे नाव दिलं, म्हणजे या सगळ्या गोळ्या जन्मायच्या पन्नास वर्षं आधी. आणि मला हा शब्द माहीत होता हो! कॉलेजात शिकलो होतो, उलटीच्या एका औषधानं होते, मनोरुग्णांच्या काही औषधांनी होते, परीक्षेत दोन मार्काला यायचं. डिप्रेशनच्या गोळीनंही काहींना होते, सुरुवातीच्या दिवसांत नाहीतर डोस बदलला की, आणि गोळीनं धोका वाढते म्हणणारे डॉक्टर तीस वर्षांपासून याच्यावरच बोट ठेवून राहिले आहेत. वेल्समधल्या डेव्हिड हीली यांनी २००० मध्ये वीस धडधाकट लोकांना, ज्यांना डिप्रेशन नव्हतंच, सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी देऊन पाहिली तर दोघांच्या मनात जीव देण्याचे विचार आले, असं छापलं. वीस म्हणजे काही फार नाही, त्यावर टीकाही झाली. पण मला त्या रात्री वीस लागत नव्हते. मी एक होतो.

दोन मार्काचं मला आठवलं नाही जेव्हा ताईनं फोनवर तेच लक्षण जसंच्या तसं सांगितलं.

बायकोला सगळं सांगितलं, तो विचारसुद्धा. ती रडली नाही, घाबरलीही नाही, किंवा घाबरली असेल पण दाखवलं नाही. 'सकाळपर्यंत मी तुमच्यासोबत चालते,' म्हणाली आणि खरंच चालली, मॅक्सीवर ओढणी टाकून, स्लीपर फटफट वाजवत, पाच वाजेपर्यंत. आठला डॉक्टर बाईंना फोन. त्यांनी तासाभरात बोलावलं, गोळी थांबवली, काही दिवस प्रोप्रॅनोलॉल दिली, जी मी बीपीवाल्यांना रोज विकतो, आणि आठवड्यानं दुसरी गोळी सुरू केली, मिर्टाझापीन. त्या दुसऱ्या गोळीनं मी बरा झालो. चौदा महिने घेतली, हळूहळू कमी करत सोडली. तर बोला आता, मी कोणत्या बाजूला? एका गोळीनं मला त्या रात्रीपर्यंत नेलं आणि दुसरीनं परत आणलं, आणि दोन्ही एकाच फडताळात, एकाच खणात आहेत.

मी तेव्हा ५१ चा नव्हतो, ४४ चा होतो, पण ओळ तीच. 'एक कमी'.

त्या डॉक्टर बाईंना मी नंतर विचारलं की हे आधी का नाही सांगितलं. त्या खरं बोलल्या, म्हणाल्या, सांगितलं तर अर्धे लोक गोळी घेतच नाहीत. मला राग आला, पण नंतर मी स्वतः करून पाहिलं तेव्हा कळलं. २०२२ पासून मी या गोळीच्या पहिल्या पाकिटावर पेनानं लिहून देतो. आपल्याकडे पत्ता कापून देतात, डब्यातला कागद पेशंटपर्यंत पोचतच नाही, आणि पोचला तरी तो बारीक इंग्रजीत, डॉक्टरांसाठी लिहिलेला. म्हणून मी मराठीत लिहितो, पहिले तीन आठवडे बेचैनी वाढली, बसवलं नाही, मनात भलतं आलं, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरला फोन, रात्र असेल तर १४४१६, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनलाईन, फुकट आहे. मनानं गोळी बंद करू नका. एवढंच. तर एक जण वाचून म्हणाला, 'भाऊ, हे काय लिहून राहिले, घाबरवून राहिले काय जी?' आणि पाकीट काउंटरवर तसंच ठेवून निघून गेला. रेल्वेतला माणूस, डोळे खोल गेलेले. परत आला नाही. अजूनही संध्याकाळी कोणी त्याच्यासारखं दारात दिसलं की मी मान वर करून पाहतो. अमेरिकेत त्या काळ्या चौकटीनंतर प्रिस्क्रिप्शन कमी झाली आणि त्यानं फायदा झाला की उलट नुकसान, यावर तिथले अभ्यासक अजून भांडून राहिले आहेत. माझ्या काउंटरवर त्या भांडणाचा एक नमुना आहे, चेहऱ्यासकट.

तरी लिहिणं बंद केलं नाही. आता लिहून झाल्यावर तोंडानंही सांगतो, सोबत कोण आहे ते विचारतो. त्यानं फरक पडते असं मला वाटते.

तर त्या जुलैच्या रात्री. शटर लावलं, अॅक्टिव्हा काढली, भुरभुर पाऊस. ताईनं दार उघडलं, प्रिस्क्रिप्शन टेबलावर, वर पेपरवेट ठेवल्यासारखा तिचा मोबाईल. भाची सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन. मिहानमध्ये एका आयटी कंपनीत लागली होती, सहा महिन्यांपासून सुकत चालली होती, बाथरूममध्ये जाऊन रडायची, हे मला त्या दिवशी कळलं.

'मामा, मी सगळं गुगल केलं आहे,' ती म्हणाली. 'ब्लॅक बॉक्स वगैरे. चोवीसच्या आत आहे मी.'

'माहीत आहे,' म्हटलं. 'हजारात पाच.'

'आणि बाबा?'

ताई मधेच म्हणाली, 'ते जाऊ दे. देऊ की नको एवढंच सांग.'

मी खूप वेळ बोललो नाही. मग जे सांगायला आठ वर्षं लागली ते सांगितलं. म्हटलं ताई, तू फोन केला होतास मला, मारबतीनंतर दोन दिवसांनी, मी बाजारात होतो. तू म्हणालीस हे बसत नाहीत, आणि मी म्हटलं आठ दिवस थांब. मी तेव्हा डॉक्टरला फोन लाव म्हणायला पाहिजे होतं. आणि मग माझी ती गल्लीतली रात्रही सांगितली, कुत्र्यांसकट.

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. 'आठवते तुले?' ती म्हणाली. 'मला वाटलं तू विसरला. म्हणून मी कधी बोलली नाही.'

एवढे दिवस ती मला वाचवून राहिली होती. आणि मला वाटत होतं ती मला दोष देऊन राहिली.

चहा झाला, गार झाला, परत केला. मग आम्ही तिघं बसून कागद घेतला. गोळी द्यायची, हे भाचीनंच ठरवलं, 'असं जगवत नाही मामा, काही तरी तर करून पाहू.' मी म्हटलं डॉक्टरांना उद्या दोन गोष्टी विचारायच्या. एक, पंधरा दिवसांनी नाही, आठवड्यानं भेटायचं. दुसरी, घरात कोणाला कधी अतिउत्साहाचे, न झोपता धावत राहण्याचे झटके आले होते का ते सांगायचं, कारण तसं असलं तर ही गोळी एकटी द्यायची नसते. ताईला एकदम आठवलं, भाऊजींचे काका. मला आयुष्यात माहीत नव्हतं असे काही काका होते. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ते नीट लिहून घेतलं, अर्धा तास प्रश्न विचारले, आणि विचार करून अर्ध्या डोसनं सुरू केलं, दर आठवड्याला बोलावलं, स्वतःचा मोबाईल नंबर दिला. असेही डॉक्टर आहेत. ताई महिनाभर भाचीच्या खोलीत झोपली. आणि रोज रात्री साडेनऊला मला एक ओळ पाठवायची, बरी-वाईट काही मत न देता, फक्त काय दिसलं ते.

पहिला दिवस, मळमळ, अर्धी पोळी. चौथा, डोकं दुखलं. सहावा, चिडली, दार आपटलं, मग स्वतःच आली. नववा, झोप तुटली, हातपाय शांत. दहाव्या दिवशी ओळ आली नाही तर मी दहाला फोन केला, ताई म्हणाली अरे लाईट गेली होती, चार्जिंग नव्हतं, आणि दोघंही एकमेकांवर ओरडलो.

बारावा, थोडी हसली. चौदावा, परत रडली, पण जवळ येऊन.

सतराव्या दिवशी मी दुपारपासून काही कामाचा नव्हतो. एका गिऱ्हाईकाला थायरॉईडची गोळी पंचवीसच्या ऐवजी पन्नास काढून दिली, त्यानंच परत केली. साडेनऊला मोबाईल काउंटरवर उताणा ठेवून पाहत बसलो. नऊ पस्तीसला ताईची ओळ आली.

'आज पाऊस होता. दोन तास एका जागी बसून लुडो खेळलो. तीच जिंकली, चिडखोर आहे पण जिंकली.'